वादळग्रस्तांसाठी सामुदायिक निवारा : न्यू ऑर्लिन्स व ह्यूस्टन येथील अनुभव

चक्रीवादळाची पूर्वसूचना आता काही दिवस आधी मिळू शकते आणि तिच्या आधारे हजारो लोकांना किनाऱ्यावरून सुरक्षित स्थळी हलविणेही शक्य झाले आहे. परंतु हलविलेल्या माणसांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. शाळेची किल्ली मिळाली, सतरंज्या अंथरल्या गेल्या आणि खिचडीचे पातेले चुलीवर चढले म्हणजे निवाऱ्याची व्यवस्था पुरी झाली, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ही समजूत किती महाग पडते, हे अमेरिकेतील दोन शहरांच्या अनुभवावरून चांगले कळून येते. तो अनुभव फार मोठ्या प्रमाणावरील असला तरी त्यातून निघणारी तत्त्वे गावच्या शाळेलाही लागू पडतात. म्हणून तो येथे थोडा विस्ताराने दिला आहे.

अटलांटिक महासागरात व मेक्सिकोच्या आखातात उद्भवणाऱ्या तीव्र चक्रीवादळास तिकडे ‘हरिकेन’ म्हणतात. आपल्या अरबी समुद्रातील व बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे त्याच जातीची होत. फरक केवळ नावाचा आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कतरिना’ नावाचे असे एक वादळ अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. त्या राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली वसलेला असून बांध व पाणी उपसण्याचे पंप ह्यांच्या भरवशावर तो कोरडा राहतो. वादळात हे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

शहरातील बहुसंख्य लोक आपापल्या मोटारींतून आधीच बाहेर पडले होते. मागे राहिले ते ज्यांच्याकडे वाहन नव्हते ते, वृद्ध, आजारी, आणि घर किंवा घरातील मुके प्राणी सोडण्यास जे तयार नव्हते ते. निवाऱ्याचा आश्रय कोण घेतो, ह्याचे उत्तर येथेच मिळते. ज्याला दुसरीकडे जाता येते तो निवाऱ्यात येत नाही. त्यामुळे निवाऱ्यात जमणारा समाज हा गावाचा नमुना नसतो. त्यात अशक्त, म्हातारे, लेकुरवाळे व हातावर पोट असलेले ह्यांचे प्रमाण अधिक असते आणि सर्व योजना ह्याच माणसांना डोळ्यांसमोर ठेवून करावयास पाहिजे.

सुपरडोममधील सहा दिवस

न्यू ऑर्लिन्स शहरात ‘सुपरडोम’ नावाचे घुमटाकार छपराचे एक प्रचंड क्रीडागृह आहे. सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक त्यात बसू शकतात. वादळाच्या आदल्या दिवशी, म्हणजे २८ ऑगस्टला, ते लोकांसाठी उघडण्यात आले. मात्र त्यास निवारा न म्हणता ‘अखेरचा आसरा’ असे म्हटले गेले. लोकांनी तेथे केवळ वादळाचे तास काढावेत, येताना आपले अन्नपाणी आणावे आणि वारा ओसरल्यावर परत जावे, अशी कल्पना होती. पहिल्या रात्री सुमारे दहा हजार माणसे आत होती. पुढे घरांच्या छपरांवरून व पुलांवरून सोडवून आणलेल्यांची भर पडत गेली आणि ही संख्या वीस हजारांच्या वर गेली.

तेथे उपासमार झाली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सैनिकांनी अन्नाची पाकिटे व पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या आणि रांगा लावून त्या वाटल्याही जात होत्या. व्यवस्था कोसळली ती निराळ्याच ठिकाणी. २९ तारखेला सकाळी वीज गेली. जनित्रावर केवळ मंद दिवे चालत. हवा खेळविण्याची यंत्रे बंद पडली. छपराच्या आवरणाचा काही भाग उडून पाणी आत येऊ लागले. त्यानंतर नळांचा दाब गेला आणि शौचालये तुंबली. ऑगस्टअखेरच्या उकाड्यात, बंदिस्त इमारतीत, हजारो माणसे आणि निकामी शौचालये एवढे सांगितले म्हणजे पुरे. अधिक वर्णनाची आवश्यकता नाही. बाहेर चोहोंकडे पाणी असल्यामुळे घरी जाता येईना, आणि पुढे नेण्यासाठी गाड्यांची योजना तयार नव्हती. शहराच्या मालकीच्या शेकडो शालेय बसगाड्या वाहनतळावरच पाण्यात बुडून गेल्या होत्या. अखेर बाहेरून बसगाड्या आणून सप्टेंबरच्या पहिल्या चार दिवसांत सुपरडोम रिकामे करण्यात आले.

शहरातीलच एका मोठ्या सभागृह-संकुलात ह्याहून बिकट स्थिती झाली. ती इमारत निवारा म्हणून योजलेलीच नव्हती. तरीही उंचावर कोरडी जागा दिसली म्हणून लोक तेथे गेले, काहींना तिकडे पाठविण्यातही आले, आणि सुमारे वीस हजार माणसे जमली. तेथे ना अन्न होते, ना पाणी, ना कोणी जबाबदार अधिकारी. २ सप्टेंबरपर्यंत तेथे संघटित मदत पोहोचली नाही. ह्यावरून कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ओळखावी. निवारे कोणते हे कागदावर आपण ठरवितो, परंतु संकटसमयी लोक स्वतःच्या डोळ्यांना जे उंच व पक्के दिसते तिकडे जातात. गावातील मंदिराचा सभामंडप, सहकारी संस्थेचे गोदाम, पक्क्या बांधणीचा एखाद्याचा वाडा ह्या जागा आपल्या यादीत नसल्या तरी वादळाच्या रात्री तेथे फेरी मारून यावयास पाहिजे.

आणखी एक हानी अफवांनी केली. सुपरडोममध्ये शेकडो प्रेते पडली आहेत, खून व अत्याचार चालू आहेत, अशा वार्ता पसरल्या आणि जबाबदार अधिकाऱ्यांच्या तोंडूनही त्या वदल्या गेल्या. प्रत्यक्ष मोजदाद झाली तेव्हा तेथे सहा मृत्यू आढळले व त्यांपैकी बहुतेक नैसर्गिक कारणांचे होते. परंतु तोपर्यंत मदतीस जाणारे लोक बिचकले होते आणि संकटग्रस्त माणसांकडे गुन्हेगार म्हणून पाहण्यात आले होते. आतल्या लोकांना बाहेरची व बाहेरच्यांना आतली खरी हकीकत ठराविक वेळी कळत राहिली असती, तर ह्या अफवांना एवढा वाव मिळाला नसता.

ॲस्ट्रोडोममधील व्यवस्था

ह्यूस्टन हे टेक्सास राज्यातील शहर न्यू ऑर्लिन्सपासून सुमारे ५६० किलोमीटर पश्चिमेस आहे. तेथेही घुमटाकार छपराचे एक क्रीडागृह आहे. १९६५ साली बांधून पुरे झालेले हे ‘ॲस्ट्रोडोम’ २००५ साली नियमित सामन्यांच्या वापरात नव्हते. ३१ ऑगस्टच्या पहाटे टेक्सासच्या अधिकाऱ्यांना विचारणा झाली आणि त्याच रात्री पहिली माणसे दारात उभी राहिली. तयारीस पुरता एक दिवसही मिळाला नाही.

येथे तुलना करताना एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास पाहिजे. ह्यूस्टन शहर कोरडे होते. तेथील वीज, नळ, रुग्णालये व दुकाने चालू होती. न्यू ऑर्लिन्समधील अधिकाऱ्यांच्या पायाखालची जमीनच पाण्यात गेली होती. तेव्हा एक शहर शहाणे व दुसरे मूर्ख, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तरीसुद्धा, बव्हंशी तीच माणसे, तशाच प्रकारच्या इमारतीत, अधिक थकलेल्या अवस्थेत येऊन राहिली आणि त्यांची व्यवस्था लागली. ती कशामुळे लागली, हे पाहण्यासारखे आहे.

सर्वप्रथम, सूत्रे एका ठिकाणी होती. त्या परगण्याचे प्रमुख रॉबर्ट एकेल्स व शहराचे महापौर बिल व्हाइट ह्यांनी आपापली खाती एका समान व्यवस्थेखाली आणली. जागा, भोजन, आरोग्य, सुरक्षा, साहित्य ह्यांचे निरनिराळे प्रमुख नेमले गेले आणि सर्वांनी एकत्र बसून निर्णय करण्याची पद्धत ठेवली गेली. अमेरिकन रेड क्रॉस, धार्मिक संस्था, वैद्यकीय महाविद्यालये व हजारो स्वयंसेवक ह्यांना त्याच चौकटीत कामे वाटून देण्यात आली. अग्निशमन अधिकाऱ्यांनी ॲस्ट्रोडोममध्ये आता अधिक माणसे घेऊ नयेत असे सांगताच त्याच आवारातील इतर इमारती उघडण्यात आल्या. ह्या संपूर्ण आवारात सुमारे चोवीस हजार माणसे राहिली. शहरातील आणखी एक मोठे सभागृहही उपयोगात आणले गेले.

ज्या आवारात हे घडले तेथे दरवर्षी मोठे पशुप्रदर्शन भरते, ही गोष्ट शेतकरी वाचकांना मौजेची वाटेल. परंतु तिला अर्थ आहे. हजारो माणसांची ये-जा, पाणी, कचरा, हरवलेली मुले व वाहनांची कोंडी ह्यांचा ज्यांना वर्षानुवर्षांचा सराव असतो, त्यांना निवारा चालविणे नवे नसते. आपल्याकडे गावच्या जत्रेची व्यवस्था पाहणारी जी चार-पाच अनुभवी माणसे असतात, ती ह्या कामास पदवीधरापेक्षा अधिक योग्य होत, असे माझे मत आहे. निवारा समितीत त्यांची नावे आधी घालावीत.

दारावरचा पहिला प्रसंगही बोधप्रद आहे. ॲस्ट्रोडोम हे सुपरडोममधून आणलेल्या लोकांसाठी राखून ठेवले होते. परंतु पहिली गाडी आली ती न्यू ऑर्लिन्समधील एका विशीतल्या तरुणाने वाहनतळावरून स्वतः काढून, वाटेत भेटतील त्यांना घेऊन आणलेली शालेय बस होती. नियमाप्रमाणे ही माणसे पात्र नव्हती. प्रथम त्यांना अडविण्यात आले आणि नंतर आत घेण्यात आले. दुसऱ्या वाडीची, दुसऱ्या ग्रामपंचायतीची, वीटभट्टीवरची किंवा मासेमारीच्या होड्यांवरची परप्रांतीय माणसे दारात आली असता हा प्रसंग आठवावा. वादळ चालू असताना कोणालाही परत पाठवू नये; नोंद करावी आणि वादळ ओसरल्यावर विचार करावा.

जागा, पाणी व शौचालये ह्यांचा हिशेब

निवाऱ्याची क्षमता ठरविताना दोन गोष्टींची गल्लत होते. वादळाचे काही तास काढावयाचे असतील तर दाटीवाटीने बसता येते. परंतु दोन-चार दिवस राहावयाचे असल्यास निजण्यास जागा लागते. अमेरिकन रेड क्रॉस अल्पकाळासाठी माणशी २० चौरस फूट व अधिक काळासाठी ४० चौरस फूट जागा धरते. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली किमान मानके प्रसिद्ध केली. त्यांत मदत छावणीसाठी माणशी ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा सांगितली आहे. दोन्ही हिशेब जवळजवळ सारखेच येतात.

आता एक साधे गणित करून पाहावे. ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद अशी शाळेची खोली ४८ चौरस मीटरची होते. ३.५ ने भागल्यास तीत १३ माणसे मावतात. सात खोल्यांच्या शाळेत ९१ माणसे झाली. पुष्कळ आराखड्यांतून अशाच शाळेपुढे ‘क्षमता ३००’ असा आकडा लिहिलेला असतो. तो एका रात्रीपुरता खरा ठरेल, परंतु तिसऱ्या दिवशी तो खोटा ठरतो आणि माणसे व्हरांड्यात भिजत बसतात. प्रत्येक कार्यकर्त्याने मोजपट्टी घेऊन आपल्या गावच्या शाळेचे माप एकदा स्वतः घ्यावे व दोन्ही आकडे निरनिराळे लिहून ठेवावेत.

पाण्याचा हिशेबही असाच करावा. उपरोक्त मानकांप्रमाणे माणशी दररोज किमान ३ लिटर पिण्याचे पाणी व शौच-स्नानासाठी किमान १५ लिटर पाणी लागते. शंभर माणसांस दिवसाला १,८०० लिटर झाले. वादळानंतर वीज नसते, म्हणून नळपाणी योजनेचा पंप चालत नाही. हे गृहीतच धरावे. सबब वादळापूर्वी टाक्या, पिंपे, स्वच्छ केलेली हंडे-पातेली जे मिळेल ते भरून झाकून ठेवावे. साठविलेल्या किंवा विहिरीच्या पाण्यात दर हजार लिटरास साधारणपणे ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर (जिला आपण टीसीएल म्हणतो) थोड्या पाण्यात कालवून, निवळी घालावी व अर्ध्या तासाने पाणी वापरावे. पावडर जुनी व गठ्ठे झालेली असल्यास तिचा जोर उतरलेला असतो, म्हणून ओ. टी. चाचणी करून क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहावे.

शौचालये तीस माणसांमागे एक असावीत, स्त्रियांची निराळी असावीत आणि ती निवाऱ्यापासून ५० मीटरपेक्षा दूर नसावीत, असे ही मानके सांगतात. खड्ड्याची शौचालये विहिरीपासून निदान ३० मीटर अंतरावर असावीत. ह्या आकड्यांत मी एकाच गोष्टीची भर घालीन, ती म्हणजे वाटेवरचा दिवा. शौचालय कितीही जवळ असले तरी वाट अंधारी असल्यास स्त्रिया रात्री तेथे जात नाहीत. त्या संध्याकाळपासून पाणी पिणे कमी करतात, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस ह्याचा त्रास होतो. ही तक्रार कोणी मोठ्याने सांगत नाही. म्हणून निवारा समितीत दोन तरी स्त्रिया असाव्यात व शौचालयांची जागा त्यांना विचारून ठरवावी.

स्वच्छतेचे महत्त्व ॲस्ट्रोडोममध्येही प्रत्ययास आले. एवढी व्यवस्था असूनही त्या आवारात उलट्या व जुलाब ह्यांची साथ उद्भवली. २ ते १२ सप्टेंबर २००५ ह्या काळात आवारातील दवाखान्यात सुमारे ६,५०० लोक आले. त्यांपैकी १,१६९ जणांना, म्हणजे शेकडा अठरा जणांना, ही लक्षणे होती. तपासणीअंती ‘नोरोव्हायरस’ नावाचा विषाणू आढळला. दाटी व हात धुण्याची अपुरी सोय असली म्हणजे हा विषाणू फार झपाट्याने पसरतो. आजारी माणसांची व्यवस्था निराळ्या जागी करणे, हात धुण्याच्या सोयी वाढविणे व मळलेली जागा तत्काळ निर्जंतुक करणे ह्या उपायांनी साथ आटोक्यात आणण्यात आली. आपल्या निवाऱ्यात एक खोली पहिल्या दिवसापासून आजाऱ्यांसाठी रिकामी ठेवावी. गर्दी असताना रिकामी खोली पाहून लोक नाराज होतात, तरीही ती ठेवावी. हात धुण्यासाठी साबण व वाहते पाणी हेच उत्तम. मद्यार्कयुक्त द्रव ह्या विषाणूवर पुरेसा प्रभावी नसतो.

त्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी पुष्कळांना नवी जखम किंवा नवा आजार नव्हता. त्यांची मधुमेहाची, रक्तदाबाची, फेफऱ्याची नेहमीची औषधे घरी पाण्यात गेली होती आणि औषधाचे नावही अनेकांना सांगता येत नव्हते. गावात आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविका ह्यांच्याकडे अशा रुग्णांची माहिती असते. निवाऱ्यास निघण्यापूर्वी ह्या रुग्णांची यादी व निदान आठवड्याचे औषध बरोबर घेतले जाईल हे पाहावे. दिवस गेलेल्या स्त्रियांची, विशेषतः नववा महिना लागलेल्यांची, रवानगी निवाऱ्यात न करता वादळापूर्वीच रुग्णालयाच्या गावी करणे श्रेयस्कर.

नोंदवही

निवाऱ्यातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचारल्यास मी नोंदवही असे उत्तर देईन. जेवण कोणी ना कोणी आणून देतो. मोठ्या संकटानंतर अन्न व जुने कपडे ह्यांचा तर अनेकदा पूरच येतो आणि तो आवरण्यास निराळी माणसे नेमावी लागतात. परंतु कोण आले, कोण गेले, कोणाचे मूल कोणाजवळ आहे, हे बाहेरून कोणी आणून देऊ शकत नाही.

कतरिना वादळानंतर घाईघाईने हलविताना कुटुंबे फुटली. नवरा एका गाडीत, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्याच राज्यात, असे घडले. अमेरिकेतील हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राकडे ५,१९२ मुलांच्या नोंदी आल्या. त्या सर्व मुलांचा पत्ता लागला, परंतु शेवटचे प्रकरण मिटण्यास मार्च २००६ उजाडला. ॲस्ट्रोडोमच्या फलकांवर नातेवाइकांच्या शोधासाठी चिठ्ठ्यांचे थर चिकटले होते. त्या आवारासाठी टपाल खात्याने स्वतंत्र पिनकोडही दिला. घर गेलेल्या माणसाला पत्ता मिळाला, त्यामुळे पत्रे व मदतीचे धनादेश त्याच्या हाती येऊ शकले.

आपल्या नोंदवहीत नाव, वय, वाडी, कुटुंबातील माणसे, आजार, जवळच्या नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक आणि येण्याची व जाण्याची वेळ एवढे रकाने पुरेत. जाण्याची वेळ हा रकाना बहुधा कोरा राहतो, आणि मग माणूस घरी गेला की वाहून गेला हे सांगता येत नाही. लहान मुलांच्या दंडावर किंवा गळ्यातील दोऱ्यात नाव व वाडी लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी. नोंदी कागदावरच कराव्यात. वादळात भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडतात व बॅटरीही संपते. अशा वेळी संगणकातील उत्तम यादीही निरुपयोगी ठरते.

जनावरांवाचून माणसे येत नाहीत

न्यू ऑर्लिन्समध्ये कित्येक लोकांनी केवळ पाळीव प्राण्यांना निवाऱ्यात मज्जाव असल्यामुळे घर सोडले नाही, आणि त्यांना वाचविण्यासाठी पुढे नावा व हेलिकॉप्टरे धाडावी लागली. ह्या अनुभवानंतर अमेरिकेत २००६ साली कायदा करण्यात आला. केंद्र सरकारचे आपत्ती-साहाय्य हवे असल्यास राज्यांनी व स्थानिक संस्थांनी आपल्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार केलाच पाहिजे, असे त्याने ठरविले. २०१७ साली ‘हार्वे’ वादळाने ह्यूस्टन शहरच जलमय झाले, तेव्हा पाच हजारांसाठी योजलेल्या तेथील सभागृहात त्याच्या दुपटीच्या आसपास माणसे आली; ह्या वेळी कुत्र्या-मांजरांना बरोबर आणण्यास मोकळीक होती. टेक्सास कृषी विद्यापीठाच्या विस्तारसेवेतील आपल्या समव्यवसायी मंडळींनी त्या वेळी गुराढोरांसाठी चारा व साहित्य पुरविणारी केंद्रे चालविली.

तिकडे कुत्रे व मांजर, तर इकडे दुभती म्हैस व कामाचा बैल. शेतकऱ्याची गाय हे त्याचे दैवत असो वा नसो, ते त्याचे भांडवल निश्चितच आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले आणि नारळ-सुपारीच्या बागा त्याने भुईसपाट केल्या. कोकणातील अशी वादळे मान्सूनच्या तोंडावर येतात. तेव्हा भाताच्या पेरणीची घाई असते, बियाणे घरात असते व गुरे गोठ्यात असतात. माणूस शाळेत येतो खरा, पण धार काढण्याच्या वेळी कोणास न सांगता गोठ्याकडे निघतो. उडते पत्रे, पडती झाडे व तुटलेल्या विजेच्या तारा ह्यांत तो नेमका ह्याच वेळी सापडतो. त्याला रागावून काही उपयोग नाही. त्याचे जनावर कोठे आहे ह्याची व्यवस्था लागली तरच तो स्वस्थ बसेल.

ह्यासाठी निवाऱ्याजवळची उंच, झाडे व तारा नसलेली जागा आधी ठरवावी. मोठ्या जनावरास दिवसाला साधारण ५ ते ६ किलो सुका चारा व ४० ते ५० लिटर पाणी लागते, हे धरून पेंढा ताडपत्रीखाली ठेवावा. जनावरांच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक मालकाच्या नावापुढे नोंदवहीत लिहावा. हलविणे शक्य नसल्यास गोठ्यात बांधून न ठेवता दावे सोडावे. बांधलेले जनावर छपराखाली अथवा पाण्यात हटकून मरते. बियाण्याची पोती, जमिनीची कागदपत्रे व बँकेचे पुस्तक दुहेरी प्लास्टिकमध्ये घालून बरोबर आणण्यास सांगावे. पोत्यांसाठी कोपरा द्यावा, त्यास अडगळ म्हणू नये.

निवारा बंद करणे

सुपरडोममध्ये लोकांना आत घेण्याची योजना होती, बाहेर काढण्याची नव्हती. ॲस्ट्रोडोममध्ये पहिल्या आठवड्यापासून लोकांनी पुढे कोठे जावयाचे ह्याचे काम सुरू झाले. मुलांची नावे शहरातील शाळांत घातली गेली आणि महापौरांच्या योजनेतून भाड्याची घरे मिळवून देण्यात आली. तीन आठवड्यांच्या आत ती इमारत रिकामी झाली. शेजारच्या इमारतीत उरलेल्यांना ‘रिटा’ हे दुसरे वादळ येत असल्यामुळे आर्कान्सा राज्यात हलवावे लागले. त्या दुसऱ्या वादळापूर्वी ह्यूस्टनमधून लाखो लोक एकाच वेळी बाहेर पडले व रस्ते तुंबले. २३ सप्टेंबरला वृद्धाश्रमातील लोकांना नेणारी एक बस पेटून २३ जण दगावले. अशक्त माणसांना सर्वांच्या आधी, रस्ते मोकळे असताना हलवावे लागते, ते ह्याचसाठी.

आपल्याकडे वारा पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे आपोआप घरी जातात आणि निवारा संपला असे समजले जाते. परंतु ज्याचे छप्पर उडाले आहे तो संध्याकाळी परत येतो, आणि तोवर शाळेला कुलूप लागलेले असते. म्हणून प्रथम वाडीवार पाहणी करून ज्यांची घरे राहण्याजोगी नाहीत त्यांची नावे निराळी काढावीत, व त्यांच्यासाठी दोन खोल्या तरी चालू ठेवाव्यात. बाकीच्यांना सोडण्यापूर्वी वीज मंडळाच्या माणसाकडून तारा पाहून घ्याव्यात, खाऱ्या किंवा पुराच्या पाण्याने भरलेल्या विहिरी उपसून टीसीएल टाकल्याखेरीज त्यांचे पाणी पिऊ नये असे सांगावे, आणि पडक्या भिंती व पेंढ्याच्या उडव्या ह्यांत साप आश्रयास असतात ह्याची जाणीव द्यावी. शाळा उघडण्याची तारीख मुख्याध्यापकांशी बोलून पहिल्याच दिवशी ठरवावी. खोल्या व शौचालये धुऊन, फिनेल टाकून, मोडलेले बाक नोंदवून किल्ली परत करावी. नोंदवहीची एक प्रत तलाठ्याकडे द्यावी व मूळ वही ग्रामपंचायतीत ठेवावी. पंचनाम्याच्या वेळी तिचे काम पडते.